परगावचे झेंडावंदन

दिवाळीत घरापासून दूर राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, तो मनुष्य बहुधा ती साजरी करीत नाही. तो दिवस कसाबसा ढकलतो. आपले बहुतेक सण घराच्या चार भिंतींत रुजलेले आहेत. त्यांना चूल लागते, देव्हारा लागतो, ओवाळावयास बहीण लागते. राष्ट्रीय सणाची गोष्ट निराळी. एक काठी, एक ध्वज आणि त्याखाली उभी राहणारी चार माणसे, एवढ्यावर त्याचा विधी पार पडतो. आणि ही माणसे एकमेकांच्या नात्यातली असावीत अशी अट त्यात कोठेही नाही. घर सोडून आलेल्याला हा एक सण तरी पुरेपूर आपला वाटावा, ही अपेक्षा म्हणून अवाजवी नव्हे. ती कितपत खरी ठरते हे पाहावयाचे, तर चाकणजवळच्या महाळुंगे गावाकडे दृष्टी टाकावी.

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील हे गाव एके काळी शेतीवर जगत असे. १९९९ च्या सुमारास तेथे दुचाकी गाड्यांचा मोठा कारखाना सुरू झाला, पुढील दहा वर्षांत आसपासच्या शिवारात मोटारींचे कारखाने आले, आणि शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या खोल्यांतून मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथील तरुण दाटीवाटीने राहतात. पंधरा ऑगस्टची सुटी एका दिवसाची. नांदेडकडचा मनुष्य रात्रीच्या गाडीने निघाला तर सकाळी गावी पोहोचेल खरा. पण त्याच सायंकाळी त्याला परतीची गाडी धरावी लागेल. बिहारच्या माणसाने तर तो विचारही करू नये. साचवलेली रजा दिवाळीसाठी अथवा छठपूजेसाठी राखून ठेवावयाची असते. राष्ट्रीय सण त्यामुळे महाळुंग्यातच घडतो.

राष्ट्रगीत म्हणावयास सुमारे ५२ सेकंद लागतात. त्याचे शब्द मराठवाड्याच्या माणसाच्या मातृभाषेतले नाहीत, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या भोजपुरी बोलणाऱ्याच्याही नाहीत. तथापि दोघांनाही ते लहानपणापासून पाठ आहेत, आणि दोघांनीही ते शाळेच्या पटांगणात पाठ केले आहेत. येथेच या भावनेचे मर्म सापडते. देश ही कल्पना फार मोठी आहे. ती मनात शिरते ती एखाद्या लहान जागेच्या दाराने. चुन्याने रंगविलेले दगड, पहाटेची प्रभातफेरी, धुतलेला पांढरा सदरा, हातावर पडलेला खाऊ, हेच पहिले दर्शन होय. म्हणून कारखान्याच्या आवारात ध्वज वर चढू लागला म्हणजे कित्येकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती आपल्या गावची शाळा. घराची आठवण आणि देशप्रेम या दोन निराळ्या वस्तू आहेत असे मानणाऱ्याने त्या ५२ सेकंदांचा विचार करावा.

२०२२ साली घरोघर तिरंगा लावण्याची हाक सरकारने दिली. पाच जणांच्या भाड्याच्या खोलीत घर कोणते समजावयाचे, हा प्रश्न मात्र त्या हाकेने सोडविला नाही. आणि जेथे कंत्राटी कामगाराला झेंडावंदनाच्या रांगेत जागा मिळत नसेल, तेथे भाषणे कितीही चांगली झाली तरी तो समारंभ अपुराच म्हणावा लागेल.

घर सोडून देशाचे झाल्याचे एक उदाहरण याच तालुक्याने दिलेले आहे. शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी खेड येथे झाला. लहान वयातच ते विद्याभ्यासासाठी काशीस गेले आणि तेथेच क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध जडला. त्यांचे सोबती पंजाबचे आणि उत्तर हिंदुस्थानचे होते. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पहिला स्वातंत्र्यदिन पाळला गेला, तेव्हा हा खेडचा तरुण लाहोरच्या तुरुंगात खटल्यास तोंड देत होता. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह त्यांना फाशी देण्यात आले. वयाची तेवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. खेड गाव आज राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. त्या काळी खेडचा मुलगा काशीस गेला. आज काशीकडची मुले खेड तालुक्यात येतात. त्यांच्यापैकी कितीजणांना कोणी ही हकीकत सांगत असेल? पंधरा ऑगस्टच्या भाषणात तिला पाच मिनिटे देणे काही कठीण नाही.

मराठवाड्याच्या माणसाचा आणखी एक दिवस आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला त्याच्या आजोबा-पणजोबांचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि तेथे तिरंगा फडकविणाऱ्यास तुरुंग दिसत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला. स्वातंत्र्य त्या प्रदेशास तेरा महिने उशिरा मिळाले. छत्रपती संभाजीनगर येथे दरवर्षी त्या दिवशी सरकारी इतमामाने ध्वजारोहण होते. महाळुंग्यात मात्र तो इतर दिवसांसारखाच कामाचा दिवस असतो. योगायोग असा की, पूर्वेकडील प्रांतांतील कामगार बहुधा त्याच तारखेस विश्वकर्म्याची पूजा करतात. यंत्रांना हार घातले जातात, प्रसाद वाटला जातो, आणि परभणीचा वा बीडचा कामगार तो घेता घेता जेवणाच्या सुटीत भ्रमणध्वनीवर आपल्याकडचे झेंडावंदन पाहून घेतो.