सीवीड सॅलड घरी करताना

जपानी रेस्टॉरंटमध्ये इवल्याशा वाटीत येणारं ते चकचकीत हिरवं सीवीड सॅलड म्हणजे शेफच्या हातचं कसब, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ते तयार, गोठवलेल्या पाकिटातून काढून नुसतं वाढलं जातं. जपानमध्येही ते चिनी धाटणीचं म्हणून ओळखतात. तिथल्या घरांत वाकामे हे समुद्री शेवाळ जास्त करून मिसो सूपमध्ये किंवा काकडीबरोबर व्हिनेगरमध्ये खाल्लं जातं.

सगळ्यात मोठा गैरसमज रंगाचा. वाकामे समुद्रात असताना तपकिरी असतं. उकळत्या पाण्यात पडताच त्यातल्या तपकिरी रंगद्रव्याची पकड सुटते आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. डोळ्यांदेखत पान हिरवं होतं. सुकं वाकामे बहुधा या प्रक्रियेतून आधीच गेलेलं असतं, म्हणून भिजल्यावर ते गडद हिरवं दिसतं. व्हिनेगर लागलं की तो हिरवाही हळूहळू मळकट होतो. मग पाकिटातलं सॅलड दिवसेंदिवस पोपटी कसं राहतं? घटकांची यादी वाचा, बहुतेक वेळा पिवळा आणि निळा खाद्यरंग सापडेल. घरचं सॅलड शेवाळी दिसलं तर ते बिघडलेलं नाही.

ते कुरकुरीत धागेही एकाच शेवाळाचे नसतात. वाकामेच्या देठाच्या चिरलेल्या पट्ट्या, आगरचे पारदर्शक धागे आणि काळे मशरूम असं ते मिश्रण असतं. आगर म्हणजे आपलं चायना ग्रास. खरवसासारख्या वड्या किंवा पुडिंग करायला आपण ते उकळून विरघळवतो. इथे उलट करायचं. धाग्यांचं चायना ग्रास थंड पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून, पिळून, कात्रीने बोटभर लांबीचं कापायचं. कडकडीत गरम पाणी लागलं तर सगळा कुरकुरीतपणा गेलाच.

वाकामेचं पाकीट महाग वाटतं, पण सुकं वाकामे भिजून वजनाने साधारण दहापट होतं. चौघांना वीस ग्रॅम पुरे. पाच मिनिटं थंड पाण्यात ठेवा, जास्त नको, नाहीतर बुळबुळीत होतं. मग मुठीत घट्ट पिळा. ही पायरी घाईत उरकू नये; पाणी राहिलं की मसाला पातळ होतो आणि सॅलड बेचव लागतं. दोन चमचे सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा साखर, थोडा आल्याचा रस आणि चिमूटभर लाल मिरची एकत्र करून वाढायच्या थोडं आधी घाला.

समुद्राचा वास येतो अशी तक्रार असते. रेस्टॉरंटमध्ये तो वास भाजक्या तिळाच्या तेलाने झाकला जातो. आपल्याकडचं तिळाचं तेल बहुतेक कच्च्या तिळाचं असतं, त्याला तो खमंगपणा नसतो. म्हणून तीळ खरपूस भाजून अर्धवट कुटा आणि दोन चमचे तेलाबरोबर मिसळा. माझ्या मते ही चव बाटलीतल्या तेलापेक्षा सरस लागते.

कुठलंही सीवीड चालतं, हेही खरं नाही. सुशीचं नोरी भिजून लगदा होतं, कोंबू मुख्यतः सूपच्या अर्कासाठी असतं. हिजिकी तर आणूच नका: त्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असल्याने ब्रिटनच्या अन्न विभागाने 2004 मध्येच ते न खाण्याचा सल्ला दिला आहे.

आणि जितकं जास्त खाऊ तितकं आरोग्याला चांगलं, हा समज मला सगळ्यात काळजीचा वाटतो. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि आपल्या मिठातूनही ते मिळत असतं. कोंबूच्या एका ग्रॅममध्येच हजाराच्या वर मायक्रोग्रॅम असू शकतं. वाकामेत त्याहून बरंच कमी असलं, तरी एका वाटीत दिवसाची गरज सहज ओलांडली जाते. भिजवलेलं पाणी फेकून द्या, छोटी वाटी अधूनमधून खा. थायरॉइडचा त्रास असेल किंवा घरात गरोदर बाई असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.