फितीवरील स्वरधन

चित्र भिंतीवर राहतें, ग्रंथ कपाटांत राहतो. सूर मात्र कानांवर पडतांच हवेंत विरतो. अल्लादियाखाँसाहेबांनीं आपला आवाज तबकडीस कधीं दिला नाहीं. १९४६ सालीं मुंबईस ते निवर्तले, आणि त्यांचें गाणें शिष्यांच्या कंठांतच काय तें उरलें. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनीं तबकड्या दिल्या. त्यांतील एक भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांतून अंतराळांतही गेली. पण तिची लांबी अवघी साडेतीन मिनिटें! तबकडीची एक बाजू तेवढीच चाले. तासभर फुलणारा राग त्या चिमुकल्या डबींत कोंबावा लागे.

ही अडचण दूर केली ती चुंबकीय फितीनें. डेन्मार्कच्या पौल्सन यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर ध्वनि उमटविला. १९२८ सालीं जर्मनींतील फ्लॉयमर यानें कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चिकटविण्याची युक्ति काढली. ध्वनीपासून झालेला विजेचा प्रवाह जसा चढेल-उतरेल, तसे ते कण कमीअधिक चुंबकत्व पावतात. फीत पुन्हां फिरविली कीं त्याच खुणांपासून तोच ध्वनि उपजतो. या तत्त्वावरील ‘मॅग्नेटोफोन’ यंत्र १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आलें. महायुद्धानंतर मलिन नांवाच्या अमेरिकन सैनिकानें अशीं दोन यंत्रें मायदेशीं धाडलीं, आणि तेथें या विद्येचा झपाट्यानें प्रसार झाला.

फीत कापतां येते, जोडतां येते, पुसून पुन्हां वापरतांही येते. शिवाय तिच्यावर अनेक समांतर पट्टे करतां येतात. लेस पॉल या वादकासाठीं १९५७ सालीं ॲम्पेक्स कंपनीनें आठ पट्ट्यांचें यंत्र पुरविलें. आज गायकानें गावें, उद्यां वादकानें साथ करावी, परवां दोहोंचा मेळ घालावा, असें शक्य झालें. चित्रपटगीतांस ही सोय वरदान ठरली. परंतु गायक व तबलजी यांच्या नजरानजरेंतून मैफलींत जें उपजतें, तें निरनिराळ्या पट्ट्यांवर कसें उतरावें?

आपल्यावर खरा उपकार साध्या फितीचा. रसिकांनीं घरगुती बैठका तिच्यावर सलग टिपल्या. पुढें कॅसेटी आल्या, तेव्हां हिंगोलीकडील साखऱ्यासारख्या गांवींही आजीच्या ओव्या टिपून ठेवणें आटोक्यांत आलें. पण फीतही अमर नव्हे. दमटपणानें तिचा लेप सुटतो, बुरशी धरते; ती वाजविणारीं यंत्रेंही दुर्मिळ झालीं आहेत. ज्या घरीं अशा फिती असतील, तेथें वडील माणसांनीं कोण, केव्हां गाइलें हें त्यांवर लिहून ठेवावें, आणि तरुणांनीं त्यांची नवी प्रत वेळींच करून घ्यावी. पूर्वजांचें सुवर्ण आपण जपतों; त्यांचा आवाज कां न जपावा?