पडद्यामागचे शहर

१९४३ साल. लंडनमध्ये संध्याकाळ झाली की खिडक्यांना काळे पडदे ओढायचे, साखर-लोणी रेशनच्या कार्डावर तोलून आणायचे आणि घरातला कोणी ना कोणी आघाडीवर असल्यामुळे पोस्टमनच्या चाहुलीने दचकायचे. अशा दिवसांत माणसांनी चार घटका हसावे म्हणून नाटकाला जावे, हे आपण समजू शकतो. पण ग्लोब थिएटरात तेव्हा जे नाटक चालले होते, त्याचा विषय होता, युद्ध संपल्यावर आपण राहणार कसे!

नाटक जे. बी. प्रीस्टली यांचे, नाव 'दे केम टु ए सिटी'. नऊ माणसे एकाएकी कुठल्याशा तटापाशी येऊन पडतात. एक 'सर', एक खानदानी बाई व तिची तरुण मुलगी, नफ्यापलीकडे काही न दिसणारा एक व्यापारी, बँकेतला कारकून व त्याची बायको, एक खलाशी, हॉटेलात वाढणारी एक मुलगी आणि लोकांच्या घरच्या लाद्या पुसून म्हातारी झालेली मिसेस बॅटली. तटाचे दार उघडते, सारी मंडळी आतले शहर पाहायला जातात. मौज अशी, की प्रेक्षकांना ते शहर शेवटपर्यंत दिसतच नाही! दिसतात ती फक्त परत आलेली माणसे. दार मिटण्यापूर्वी प्रत्येकाने ठरवायचे, आत राहायचे की माघारी जायचे.

शहरात कोणी कोणाला लुबाडत नाही. व्यापाऱ्याला अर्थातच तिथे करमत नाही. 'सर' आणि खानदानी बाईही मागे फिरतात. मुलगी मात्र आईला न जुमानता राहते. मिसेस बॅटलीला तर विचारही करावा लागत नाही. खलाशी आणि ती वाढणारी मुलगी यांना राहायचे असूनही ती दोघे परततात. असे शहर आहे, हे लोकांना सांगायला कोणी तरी हवे ना!

खलाशाच्या तोंडची भाषणे जरा लांबतात. प्रीस्टलींना उपदेशाची हौस होतीच. माझ्या मते नाटकाचा खरा जीव आहे तो त्या कारकुनात. त्याला शहर मनापासून आवडते, बायकोला ते सहन होत नाही, आणि तो मुकाट्याने तिच्याबरोबर निघतो. नवा समाज अडतो तो काही दर वेळी श्रीमंतांपाशीच नाही.

ही स्वप्ने हवेतली नव्हती. डिसेंबर १९४२ मध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याचा अहवाल निघाला, तो विकत घ्यायला लोकांनी रांगा लावल्या. सरकारी अहवालासाठी रांगा! १९४५ च्या निवडणुकीत युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलना बाजूला सारून मतदारांनी मजूर पक्ष निवडला, आणि ५ जुलै १९४८ पासून तिथे सर्वांना मोफत औषधपाण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. मिसेस बॅटलीसारख्या बाईला त्याचे मोल काय वाटले असेल!

अर्थात ज्या १९४३ साली लंडनचे प्रेक्षक त्या दाराकडे डोळे लावून बसले होते, त्याच साली त्यांच्याच साम्राज्यातल्या बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मरत होती. तटापाशी आलेल्या नऊजणांत आपला कोणी नव्हता, हे आपल्या वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, ईलिंग स्टुडिओने नाटकाचा चित्रपट काढला. त्यात प्रीस्टली स्वतःच, टेकडीवर बसून युद्धानंतरच्या जगाविषयी वाद घालणाऱ्या एका तरुण जोडप्याला ही गोष्ट सांगताना दिसतात. हाताशी कॅमेरा होता, शहर उभारता आले असते. पण तिथेही कॅमेरा दाराबाहेरच थांबला.