अभियांत्रिकी शिक्षणातील उद्योजकीय विचारप्रक्रिया : अध्यापन आणि मूल्यमापन

बीजसंज्ञा : उद्योजकता, अभियांत्रिकी शिक्षण, परवडणारे नुकसान, प्रकल्पकार्य

प्रस्तावना :
अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१६ मध्ये स्टार्टअप धोरण जाहीर केल्यानंतर अभियांत्रिकी महाविद्यालयांत उद्योजकतेची चर्चा वाढली. मात्र उद्योगाची नोंदणी, भांडवल व प्रकल्प अहवाल यांची माहिती देणे आणि उद्योजकाप्रमाणे विचार करावयास शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या गोष्टीचा विचार केला आहे.

संकल्पना :
अभियांत्रिकीच्या उदाहरणात साध्य ठरलेले असते; विद्यार्थ्याने योग्य साधने निवडावयाची असतात. सरस डी. सरस्वती यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात २७ अनुभवी उद्योजकांच्या निर्णयप्रक्रियेचा अभ्यास केला व २००१ मध्ये आपला सिद्धांत मांडला. त्यानुसार अनुभवी उद्योजक उलट दिशेने जातात. आपण कोण आहोत, आपणास काय येते व आपली ओळख कोणाशी आहे, या हाताशी असलेल्या साधनांतून ते साध्य घडवीत जातात. किती नफा होईल यापेक्षा किती नुकसान परवडेल, याचा विचार ते आधी करतात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी, बेळगावातील सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे आणि १९०३ चा लोखंडी नांगर हा प्रवास पूर्वनियोजित नव्हता. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाच्या साहाय्याने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

अध्यापनातील उपयोजन :
अंतिम वर्षाचा प्रकल्प हे यासाठी सर्वांत सोयीचे क्षेत्र होय. विषय वाटून देण्याऐवजी विद्यार्थ्यांच्या गटाने प्रथम आपल्या साधनांची यादी करावी. वेळ व पैसा यांची मर्यादा आधीच ठरवावी. यंत्र पूर्ण होण्यापूर्वीच कच्चा नमुना शेतकरी, कारागीर वा लघुउद्योजक यांच्यापुढे ठेवावा.

येथे एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. पुलाची भारक्षमता किंवा बाष्पकाची सुरक्षितता 'करून पाहू' या वृत्तीने ठरविता येत नाही. कोणता प्रश्न गणिताने सोडवावयाचा आणि कोणता लोकांत जाऊन, हा विवेक शिकविणे हेच अध्यापकाचे खरे काम आहे.

मूल्यमापन :
खरी अडचण गुणदानाची आहे. चालणाऱ्या यंत्रालाच गुण मिळत असतील, तर विद्यार्थी आधी यशस्वी झालेलाच प्रकल्प पुन्हा निवडतात. म्हणून कोणते गृहीतक तपासले, वापरणाऱ्यांकडून काय कळले व त्यामुळे आराखड्यात कोणता बदल केला, या नोंदींना स्वतंत्र गुण असावेत. प्रामाणिकपणे तपासून सोडून दिलेली कल्पनाही गुणपात्र ठरावी.

निष्कर्ष :
प्रत्येक अभियंता उद्योजक होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. परंतु अपुऱ्या माहितीत जबाबदारीने निर्णय घेण्याची क्षमता नोकरीतही तितकीच उपयोगी पडते. केवळ एक विषय वाढवून ती येणार नाही. त्यासाठी प्रकल्पकार्य व गुणदान यांची पद्धत बदलणे आवश्यक आहे.