कार्बोरेटर घरी उघडला आणि गाडी सुरू होईना?

भालकी, औराद, आळंदकडे 2020 च्या बीएस-6 नियमाआधीच्या कार्बोरेटरवाल्या मोटारसायकली अजून भरपूर आहेत. बिदर भागातला तांबडा धुरळा एअर फिल्टर लवकर चोंदवतो, म्हणून लोक फिल्टर-कार्बोरेटरची साफसफाई घरीच करतात. जोडल्यावर गाडी उठत नसेल, तर आधी जिथं हात लावला तिथंच बघा.

पेट्रोल कॉक उघडून मिनिटभर थांबा, कार्बोरेटरची रिकामी वाटी भरायला वेळ लागतो. मग वाटीचा ड्रेन स्क्रू किंचित सैल करा. पेट्रोल आलं नाही तर नळी दुमडलीय किंवा फ्लोटची सुई अडकलीय.

येत असेल तर प्लग काढा. ओला निघाला तर पुसून, चोक बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारा. तरीही दाद नाही? प्लगची टोपी आणि ठिणगी तपासा, पण सांडलेलं पेट्रोल पुसून वास गेल्यावरच.

प्लग कोरडा निघाला तर बहुतेक पायलट जेट चोंदलाय. त्याचं भोक केसाएवढं असतं. तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनर मारून हवेनं फुंका. आणि कार्बोरेटर-इंजिनमधली ओ-रिंग बघाच. ती चिरली किंवा जागेवरून सरकली की बाहेरची हवा आत जाते, आणि बाकी सगळं ठीक असूनही गाडी धरत नाही.