शस्त्रक्रियेनंतरचा निर्णय : एंडोमेट्रिऑसिस आणि हॉर्मोनचे उपचार

मासिक पाळीच्या वेळीं पोटांत दुखणें हा स्त्रीजन्माचा धर्मच होय, अशी समजूत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुलगी कण्हूं लागली म्हणजे आजी गरम पाण्याची पिशवी देते, 'लग्न झालें कीं राहील' असें आई समजावते, आणि दुखणें मात्र वाढतच जातें. यांपैकीं पुष्कळ दुखणीं साधीं असतात, ही गोष्ट खरी. परंतु जें दुखणें दर महिन्यास अंथरुणाला खिळवितें, शाळा किंवा नोकरी बुडवितें, त्याच्यामागें एंडोमेट्रिऑसिस हा विकार असण्याचा संभव असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांतील सुमारें १९ कोटी स्त्रिया, म्हणजे प्रजननक्षम वयांतील दर दहांपैकीं एक, या विकारानें पीडित आहेत.

गर्भाशयाच्या आंतील अस्तरासारखीच पेशींची वाढ या विकारांत गर्भाशयाबाहेर होते: बीजांडकोशांवर, ओटीपोटाच्या आंतील पडद्यावर, कधीं आंतड्यांवर वा मूत्राशयावर. गर्भाशयाचें अस्तर दर महिन्यास गळून बाहेर पडतें. या भलत्या ठिकाणच्या अस्तराला मात्र बाहेर पडावयास वाटच नसते. तेथें दाह होतो, वण धरतात आणि इंद्रियें एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशांत जुनें रक्त सांचून जी गडद तपकिरी द्रवाची गांठ होते, तिलाच डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. अमेरिकेंतील आल्बनी येथील डॉ. जॉन सॅम्प्सन यांनीं १९२१ सालीं या गांठींचें वर्णन केलें; आणि पाळीचें कांहीं रक्त बीजवाहिन्यांतून उलट पोटांत जातें व त्यांतील पेशी तेथें रुजतात, ही उपपत्ति त्यांनीं १९२७ सालीं मांडली. रोगाचे सर्वच प्रकार तिनें उलगडत नाहींत. पण पाळी चालू असेपर्यंत नवें बीं पडण्याचा धोका कां राहतो, हें तीवरून चांगलें समजतें.

हल्लीं ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीनें होते. गांठी काढतात, चिकटलेले भाग सोडवितात, रोगाचे ठिपके कापून वा जाळून टाकतात. पुष्कळ स्त्रियांना तिनें मोठा आराम पडतो, आणि घरचीं माणसें 'सुटलों एकदांचे' म्हणून निःश्वास टाकतात. खरी चूक होते ती येथें. शेतांतील तण खुरपून काढलें तरी जमिनींत मुळें राहतात, तशीच ही स्थिति आहे. अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला असतां दोन वर्षांत सुमारें पांचांपैकीं एकीला, आणि पांच वर्षांत शेंकडा ४० ते ५० जणींना विकार पुन्हां उद्भवतो, असें आढळलें आहे. बीजांडकोशावर वारंवार शस्त्रक्रिया केल्यास त्यांतील बीजांचा सांठाहि घटतो. म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेचा लाभ टिकविण्यासाठीं औषध घ्यावें कीं काय, आणि घ्यावयाचें तर कोणतें, हा प्रश्न उभा राहतो.

या औषधांचें तत्त्व सोपें आहे. इस्ट्रोजेन हें हॉर्मोन या पेशींना पोसतें. म्हणून एक तर त्याचा पुरवठा कमी करावयाचा, किंवा प्रोजेस्टेरॉनच्या जातीचें औषध देऊन पेशींची वाढ रोखावयाची. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट किस्टनर यांनीं १९५८ सालीं दोन्ही हॉर्मोनें सतत देऊन गर्भारपणासारखी अवस्था निर्माण करण्याचा मार्ग दाखविला, आणि आजचे पुष्कळ उपचार त्याच विचाराचे वंशज आहेत. त्यांनीं रोग समूळ जात नाहीं, तो दबून राहतो, हें मात्र आरंभींच ध्यानांत घेतलें पाहिजे.

पहिला पर्याय दोन्ही हॉर्मोनांच्या संयुक्त गोळीचा. ती स्वस्त असते, सहज मिळते, आणि मध्यें खंड न पाडतां घेतल्यास पाळीच पुष्कळदां टळते. परंतु जिला पूर्वीं रक्ताची गुठळी झाली आहे, जिचा रक्तदाब चढलेला असतो, जिला डोळ्यांपुढें चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठते, किंवा वयाच्या पस्तिशीनंतर जी धूम्रपान करते, तिनें ही गोळी टाळावी.

दुसरा पर्याय केवळ प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या औषधांचा. डायनोजेस्टची २ मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यावयाची असते. तिनें वेदना चांगली आटोक्यांत येते. तथापि पहिले कांहीं महिने अवेळीं डाग पडतात, कोणाचें डोकें दुखतें, तर कोणाचें मन उदास होतें. पूर्वीं मनाचा आजार झाला असेल तर तें डॉक्टरांना आधींच सांगावें. शिवाय या मात्रेंत ती गर्भनिरोधक म्हणून मान्य नसल्यामुळें निराळी व्यवस्था करावी लागते. नॉरएथिस्टेरॉन हें याच जातीचें जुनें व स्वस्त औषध आहे. दर तीन महिन्यांनीं घ्यावयाचें मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचें इंजेक्शन सोयीचें खरें. पण तें बंद केल्यावर पाळी पूर्ववत् होण्यास कित्येक महिने लागतात, आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता घटते.

तिसरा पर्याय गर्भाशयांत बसविण्याच्या साधनाचा. आकारानें तें तांबीसारखें असतें, पण त्यांत तांब्याऐवजीं ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असून तें रोज थोडें थोडें झिरपतें. रोज गोळीची आठवण ठेवावी लागत नाहीं, आणि औषधाचा मुख्य परिणाम जागच्या जागीं होतो. बीजांडकोशाचें कार्य मात्र तें बहुधा थांबवीत नाहीं. म्हणून गांठींचा मुख्य त्रास असलेल्या स्त्रीनें याचा विचार निराळा करावा.

इतक्यानें भागलें नाहीं तर मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारा हुकूमच अडविणारीं औषधें आहेत. ल्यूप्रोलाइडसारख्या इंजेक्शनांनीं तात्पुरती रजोनिवृत्तीच येते: अंगांतून वाफा येतात, झोंप उडते, हाडें झिजूं लागतात. म्हणून तीं सहसा दुसऱ्या पायरीवर वापरतात, आणि हाडांच्या रक्षणासाठीं सोबत थोडें हॉर्मोन देतात. याच मार्गानें काम करणाऱ्या तोंडानें घ्यावयाच्या गोळ्यांपैकीं एलागोलिक्सला अमेरिकेंत २०१८ सालीं, व रेलुगोलिक्सच्या संयुक्त गोळीला २०२२ सालीं, या विकाराच्या वेदनेसाठीं मान्यता मिळाली.

युरोपांतील प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेनें, एश्रेनें, २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत चॉकलेट सिस्टच्या शस्त्रक्रियेनंतर, लगेच मूल नको असलेल्या स्त्रीला दीर्घकाळ हॉर्मोनचा उपचार द्यावा असें म्हटलें आहे. आणि पाळीची वेदना परतूं नये यासाठीं हॉर्मोनचें साधन किंवा संयुक्त गोळी निदान १८ ते २४ महिने चालू ठेवण्याचा विचार करावा, असा सल्ला आहे. अमुक एकच औषध सर्वांत श्रेष्ठ, असें मात्र तेथें म्हटलेलें नाहीं.

यावरून निवडीचा पहिला प्रश्न स्पष्ट होतो : मूल हवें आहे काय, आणि केव्हां? ज्या जोडप्याला लगेच मूल हवें आहे, त्या स्त्रीला हीं औषधें देऊन लाभ नाहीं. त्यांनीं गर्भधारणेची शक्यता वाढत नाहीं आणि हातचा काळ मात्र जातो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरचे महिने तिनें प्रयत्नासाठीं वापरावे, आणि वय अधिक असल्यास वंध्यत्वतज्ज्ञाचा सल्ला लांबवूं नये. उलट, शिक्षण घेणाऱ्या अविवाहित मुलीनें 'हॉर्मोनच्या गोळ्यांनीं पुढें मूल होणार नाहीं' या भीतीनें उपचार सोडण्याचें कारण नाहीं. औषधानें पुढील प्रजननशक्ति कायमची नष्ट होत नाहीं.

गर्भाशय व दोन्ही बीजांडकोश काढले असतील तर प्रश्न अगदीं उलटा होतो. तेथें हॉर्मोन दडपावयाचें नसून, अकालीं हरपलेलें हॉर्मोन परत द्यावयाचें असतें. नाहीं तर हाडें व हृदय यांना धोका पोहोंचतो. एरव्हीं गर्भाशय नसलेल्या स्त्रीला नुसतें इस्ट्रोजेन पुरतें. पण या विकारांत उरलेल्या पेशी त्यानें चेततील, म्हणून संयुक्त उपचार अधिक बरा मानतात.

तेव्हां डॉक्टरांकडे जातांना स्त्रीनें वेदनेची टिपणवही, पूर्वींच्या आजारांची यादी आणि आपल्या मनांतील इच्छा, हीं तिन्ही बरोबर न्यावीं. निवडलेल्या औषधाची तीन महिन्यांनंतर फेरतपासणी व्हावी. न मानवल्यास तें बदलतां येतें, आणि त्यांत हार कसली? घरच्यांनीं करावयाचें तें एवढेंच, कीं दुखणें तिचें आहे तशी निवडहि तिची असूं द्यावी. 'आतां ऑपरेशन झालें, आतां काय दुखतें?' हा प्रश्न जरी घरांत कोणी विचारला नाहीं, तरी तिचें निम्मे ओझें उतरेल.