जुन्या तबकड्या आणि विसरलेले वादक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ‘शिंदे की छावनी’ नावाची एक जुनी वस्ती आहे. नावाला हिंदीचे वळण लागले असले तरी त्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी सैन्याचा तळ दिला, तळाचे पुढे शहर झाले, राहुट्या गेल्या आणि ‘लष्कर’ व ‘छावनी’ ही नावे तेवढी मागे राहिली.

या वस्तीतील एखाद्या मराठी घराच्या माळ्यावर ग्रामोफोनच्या तबकड्यांची एक पेटी निघाली, असे क्षणभर समजावे. तीत अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी तबकडी असेल, बालगंधर्वांची नाट्यपदे असतील, सी. रामचंद्र यांची चित्रपटगीते असतील. आणि तळाशी इंग्रजी अक्षरांची, फॉक्सट्रॉट नावाच्या नाचासाठी वाजविलेली एक तबकडी असेल. पहिल्या तबकड्या घरातील वडीलधारी मंडळी पुसून जपून ठेवतील. शेवटची मात्र बहुधा रद्दीवाल्याकडे जाईल. जी तबकडी टाकून देण्यासारखी वाटते, तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

संगीत हरवते म्हणजे काय होते, हे ग्वाल्हेरला निराळे सांगण्याची गरज नाही. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांचे गाणे ज्यांनी ऐकले ते धन्य झाले. पण आवाज टिपणारे यंत्र या देशात येण्यापूर्वीच ते दोघे निघून गेले. तरीही त्यांची गायकी नष्ट झाली नाही. ती शंकर पंडितांच्या गळ्यात उतरली, त्यांच्याकडून कृष्णराव पंडितांकडे आली. वासुदेवबुवा जोशी यांच्या हातून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना मिळाली, बुवांनी ती महाराष्ट्रात नेली आणि विष्णु दिगंबरांनी देशभर पसरविली. तबकडी नव्हती, पण शिष्य होता. घराणे ही जिवंत माणसांची साखळी असते. एक कडी झिजली तर दुसरी भार घेते.

जॅझ संगीताचे तसे नाही. अमेरिकेतील निग्रो समाजाच्या सुखदुःखातून, विसाव्या शतकाच्या आरंभी, न्यू ऑर्लीन्स शहरात हे संगीत आकाराला आले. त्यात एक ठरलेली धून असते. तिला आपल्याकडील बंदिशीसारखे मानावे. धून एकदा वाजवून झाली की एकेक वादक पुढे येतो आणि त्या चौकटीत आपली उपज मांडतो. ही उपज कागदावर लिहिलेली नसते, आणि तोच वादक दुसऱ्या रात्री ती जशीच्या तशी वाजवीत नाही. धून कागदावर राहते. पण त्या रात्रीचा वादक राहतो तो केवळ ध्वनिमुद्रणात. तबकडी फुटली की त्याचा शब्दच पुसला गेला.

याचे मोठे उदाहरण जॅझच्या जन्मस्थानीच आहे. बडी बोल्डन हा न्यू ऑर्लीन्सचा कॉर्नेटवादक या संगीताच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक मानला जातो. १९०७ साली मनोविकारामुळे त्याला रुग्णालयात ठेवावे लागले आणि १९३१ साली तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या वादनाचा एकही तुकडा आज उपलब्ध नाही. जॅझची पहिली तबकडी म्हणून जी ओळखली जाते ती १९१७ साली निघाली, आणि ती गोऱ्या वादकांची होती. ज्यांनी वाट पाडली ते मुके राहिले आणि मागून आलेल्यांचा आवाज जगाने प्रथम ऐकला.

हे संगीत हिंदुस्थानात आले ते मोठ्या हॉटेलांच्या मार्गाने. १९३५ साली लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला निग्रो वादकांचा संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. क्रिकेट स्मिथच्या संचाने १९३६ साली मुंबईत ‘ताजमहाल’ नावाचा एक फॉक्सट्रॉट ध्वनिमुद्रित केला. त्याची रचना मुंबईच्या ज्यू समाजातील मेना सायलस यांची होती. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास स्थायिक झाला. तेथे त्याने अनेक तबकड्या भरल्या आणि १९४५ साली पटकीच्या साथीत तेथेच त्याचे निधन झाले. अमेरिकेतील जॅझच्या इतिहासात त्याचे नाव पुष्कळ काळ तळटीपेपुरतेच राहिले.

या पाहुण्यांच्या शेजारी बसून वाजविणारे आणि पाहुणे गेल्यावर त्यांच्या खुर्च्या समर्थपणे सांभाळणारे वादक मुख्यतः गोव्याचे होते. गोव्यातील गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. गावात उपजीविकेचे साधन अपुरे, हातात विद्या मात्र पक्की. म्हणून ही मुले लष्करी बँडांत, संस्थानिकांच्या दरबारी, आगबोटींवर, मूकपटांच्या थिएटरांत आणि हॉटेलांत जाऊ लागली. जेथे छावणी तेथे बँड आणि जेथे बँड तेथे गोव्याचा एखादा वादक, असा तो काळ होता.

त्यांपैकी काही नावे आज पुन्हा उजेडात आली आहेत. हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध होते. १९१६ साली जन्मलेल्या या ट्रम्पेटवादकाला लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मिकी कोरिया यांचा संच सुमारे दोन दशके ताजमहाल हॉटेलात वाजत होता. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे ट्रम्पेटवादक पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) या कोंकणी चित्रपटांचे निर्माते झाले. रुडी कॉटन हे सॅक्सोफोनवादक मात्र गोव्याचे नव्हते. ते पारशी होते आणि त्यांचे खरे नाव कावसजी खटाव.

या वादकांचे वादन आपण कधी ऐकलेच नाही, असे कोणत्याही मराठी घराने म्हणू नये. माळ्यावरच्या त्या पेटीतील सी. रामचंद्र यांची तबकडी पुन्हा काढून पाहावी. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर यांनी ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाला संगीत दिले, तेव्हा त्यांच्या साथीला चिक चॉकलेट होते. त्यांचा वाद्यवृंद त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर रात्रीच्या नाचगाण्यांच्या जागा मंदावल्या आणि वादकांचा ओढा चित्रपटांच्या स्टुडिओंकडे अधिक वाढला. संगीतदिग्दर्शक चाल देई. ती स्वरलिपीत उतरविणे, कोणत्या ओळीला कोणते वाद्य बोलेल हे ठरविणे आणि मधले वाद्यसंगीत बांधणे ही कामे पुष्कळदा गोव्याचे संयोजक करीत. लाहोरच्या हॉटेलात संच चालविलेले सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गीतांचे संयोजन केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली हिंदी रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणारा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गीतामुळे त्यांचे नाव घरोघर पोहोचले; कारण त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. पण त्या नावाचा एक खराखुरा माणूस आहे, हे गीत गुणगुणणाऱ्या हजारोंना ठाऊक नव्हते.

या विस्मरणाचे मूळ तबकडीवरील छापील कागदातच आहे. त्या वाटोळ्या कागदावर गायकाचे नाव असे, संगीतदिग्दर्शकाचे असे, चित्रपटाचे असे. मधल्या चार ओळी ज्याने ट्रम्पेटवर उजळून टाकल्या त्याला तेथे जागा नसे. त्याला दिवसाचा मेहनताना मिळे आणि तेथे व्यवहार संपे. म्हणून या वादकांची हरवलेली ध्वनिमुद्रणे दोन प्रकारची आहेत. एक, जी तबकडीच आता मिळत नाही. दुसरे, जी तबकडी लाखो घरांत वाजते पण तीत कोण वाजवितो हे कोणास माहीत नाही. पहिल्या प्रकारात वस्तू शोधावयाची, दुसऱ्या प्रकारात माणूस.

वस्तू हरविण्याची कारणे साधी आहेत. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची असे; लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून ती दाबून काढीत. ती जड, ठिसूळ आणि हातातून पडली की तुकडे होणारी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत, आणि पोलादी सुई प्रत्येक वाजविण्याबरोबर तिची खाच झिजवीत जाई. नाचाच्या संगीताचा ग्राहक थोडा. म्हणून अशा तबकड्या मुळात कमी निघत. नवी फॅशन आली की जुनी तबकडी अडगळ ठरे. आणि रागसंगीताच्या चाहत्याला ती परकी वाटे, तर नाचणाऱ्याला ती जपण्याजोगी वाटत नसे. दोन्ही घरांचा पाहुणा उपाशी, अशी तिची गत झाली.

शोधाचे काम याच्या उलट दिशेने चालते. संग्राहक जुन्या बाजारांत, मोडीच्या दुकानांत, बंद पडलेल्या क्लबांच्या कपाटांत तबकड्या धुंडाळतात. तबकडी हाती आली की प्रथम खाच संपते तेथून कागदापर्यंतच्या मोकळ्या पट्ट्यावर कोरलेला क्रमांक पाहावयाचा. तो ध्वनिमुद्रणाच्या वेळी दिलेला असतो. त्यावरून ते मुद्रण कोणत्या सुमारास झाले आणि एकाच धुनेची निराळी आवृत्ती तर हाती आली नाही ना, हे कळते. मग तबकडी हलक्या हाताने धुऊन, रुंद खाचेला शोभेल अशा जाड टोकाच्या सुईने आणि योग्य वेगाने एकदाच नीट वाजवून तिचा ध्वनी संगणकावर उतरविला जातो. खरखर कमी करता येते. पण ती पार घालविण्याच्या हौसेपायी वाद्याचा आवाजही बोथट होतो, म्हणून जाणकार तेथे हात आखडता घेतात.

हिंदुस्थानी तबकड्यांच्या संग्राहकांना एकत्र आणणारी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० साली मुंबईत स्थापन झाली; सुरेश चांदवणकर यांनी तिच्या कामाला मोठा हातभार लावला. चित्रपटांच्या स्टुडिओंतील वादकांच्या आठवणी ग्रेगरी बूथ यांनी स्वतः वादकांना भेटून नोंदविल्या आणि त्यांचे पुस्तक २००८ साली प्रसिद्ध झाले. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात २०१२ साली मांडला. १९३६ च्या त्या तबकडीचेच नाव त्यांनी ग्रंथाला दिले आणि जुन्या मुद्रणांची एक सीडीही त्यासोबत वाचकांच्या हाती ठेवली. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा तो मुंबईचा स्वर अशा रीतीने पुन्हा कानी पडला.

कधी कधी तबकडी हरवत नाही, ती निघतच नाही. अमान्सिओ डिसिल्व्हा हे १९३६ साली मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक १९६७ साली लंडनला गेले. तेथे १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ आणि जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकासह ‘हम दोनो’ अशा दोन मोठ्या तबकड्या त्यांनी केल्या. त्यानंतर सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी आणखी एक ध्वनिमुद्रण केले आणि त्याला आपल्या पूर्वजांच्या किनाऱ्याचे नाव दिले: ‘कोकण डान्स’. ते प्रसिद्ध झाले नाही. डिसिल्व्हा १९९६ साली वारले आणि ‘कोकण डान्स’ लोकांसमोर आले ते २००६ साली. श्रोत्यांना कोकण ऐकू आले, पण ज्याने ते ऐकविले त्याला श्रोते दिसले नाहीत.

या शोधाची मर्यादाही येथेच दिसते. चिक चॉकलेट १९६७ साली गेले, फ्रँक फर्नांड २००७ साली, मिकी कोरिया २०११ साली, अँथनी गोन्साल्विस २०१२ साली. तबकडी शंभर वर्षे पेटीत वाट पाहू शकते. वादकाला ओळखणारा माणूस तितका थांबत नाही. ‘हा ट्रम्पेट कोणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर तबकडीच्या खाचेत नसते. ते कोणा वृद्ध वादकाच्या, त्याच्या मुलीच्या किंवा शेजाऱ्याच्या स्मरणात असते. ते स्मरण विझले की संग्राहकाच्या हाती सुंदर पण निनावी सूर उरतो.

म्हणून छावनीतल्या त्या घराने पेटीतील तळाची तबकडी रद्दीत देऊ नये. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात, गंजक्या सुईने वाजवून पाहण्याचा मोह टाळावा. कागदावरील मजकूर आणि कोरलेला क्रमांक एका वहीत उतरवून घ्यावा. आणि घरात कोणी वृद्ध असेल तर ही तबकडी कोणी आणली, कोठून आणली, कोण वाजवीत असे, हे आजच विचारून ठेवावे. ज्या शहराने हद्दू-हस्सूंचे गाणे केवळ शिष्यांच्या आधाराने राखले, त्याला शिष्य नसलेल्या वादकाची तबकडी राखणे जड जाऊ नये.